उकिडव्यांचे वर्तमान

मी आयुष्यात चौतीस पुस्तकांची मुखपृष्ठे काढली. त्यांतली अकरा पुस्तके लिहिलीच गेली नाहीत. चित्रकाराने आधी पुस्तक वाचावे आणि मग चित्र काढावे, अशी माझी सरळ समजूत होती. मोरेश्वर कृष्ण उकिडव्यांशी गाठ पडली आणि ती समजूत मोडीत निघाली.

लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झाले असेल. मी तेव्हा सांगलीच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. एका रविवारी सकाळी एक उंच, किडकिडीत गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. डोक्याला काळी टोपी, बगलेत छत्री आणि हातात भडंगाची पुडी. ओळखदेख काही नसताना त्यांनी पुडी माझ्यापुढे केली.

"घ्या. मी उकिडवे. लेखक आहे. एक मुखपृष्ठ हवं होतं."

मी म्हटले, "हस्तलिखित ठेवून जा. वाचतो आणि सांगतो."

"हस्तलिखित अजून नाही."

"मग गोष्ट तरी सांगा."

"तीच तर अडचण आहे. तुम्ही चित्र काढलंत की मला गोष्ट कळेल."

मला वाटले, हा माणूस माझी थट्टा करायला आला आहे. मी मुळात रागीट. वर्गातली मुले माझ्यामागे मला 'फूटपट्टी' म्हणत, हे मला ठाऊक होते आणि त्याचे मला वाईटही वाटत नसे. पण उकिडवे अगदी मनापासून बोलत होते. त्यांची कामाची रीतच तशी होती. आधी पुस्तकाचे नाव सुचायचे, मग चित्र, मग जाहिरात. जाहिरात वाचून लोकांची पत्रे येऊ लागली, की नाइलाजाने पुस्तक. मी यावर त्यांना बरेच सुनावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, पाहुणे येणार म्हणून कळल्याशिवाय कोणी माळ्यावरची जळमटं काढतं का?" मी त्याच दुपारी चित्र काढायला बसलो.

गावभागात दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. दाराशी पाटी होती: 'येथे कादंबऱ्या, मंगलाष्टके, मानपत्रे, पोवाडे व जाहिराती वेळेवर करून मिळतील.' त्यातल्या 'वेळेवर' या शब्दावर त्यांच्या पत्नीने, म्हणजे यमुनाकाकूंनी, खडूने फुली मारली होती. पावसाने ती धुऊन गेली की काकू नवी फुली मारीत. उकिडवे या गोष्टीला हरकत घेत नसत. पाटी खरी आहे की फुली, हे गिऱ्हाइकाने अनुभवाने ठरवावे, असे ते म्हणत.

निव्वळ लेखणीवर जगणारा दुसरा माणूस त्या काळी आमच्या गावात नव्हता. सकाळी कादंबरी, दुपारी मंगलाष्टके, संध्याकाळी मिरजेच्या एखाद्या तंबोरेवाल्याची जाहिरात, असा त्यांचा दिवस जाई. लग्नसराई आली की कादंबरी मागे पडे. एक नायिका पूर्ण वैशाखभर भुयारात कोंडलेली होती, कारण लेखक चौदा चुलत्यांची नावे एकाच मंगलाष्टकात बसवत होता. ते मंगलाष्टक मी लग्नात ऐकले. भटजींचा दम गेला, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, आणि 'सावधान' येईपर्यंत वऱ्हाडाच्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजल्या. चौदाही चुलते मात्र खूश होते.

पण उकिडवे खरे ओळखले जात ते त्यांच्या कार्डामुळे. दर महिन्याला ते एक छापील कार्ड आपल्या दोन-अडीचशे वाचकांना टपालाने पाठवीत. वर ठळक अक्षरांत 'उकिडव्यांचे वर्तमान', आणि खाली बारीक टायपात पुस्तकांच्या बातम्या. मला एक कार्ड अजून पाठ आहे: 'तिसरी किल्ली छापत आहे. भुयारातील नायिका लवकरच. लेखकास पडसे झाले होते, आता उतार आहे. तूर्त लेखक एका तंबोऱ्याच्या जाहिरातीत गुंतला असून तंबोरा खरोखर उत्तम आहे. वाचकांनी धीर धरावा.'

वाचक धीर धरीत. त्यांना हे माहीत नव्हते, की उकिडव्यांच्या बोलीत 'छापत आहे' म्हणजे नाव ठरले आहे, आणि 'लवकरच' म्हणजे तेही अजून नक्की नाही. काकूंना मात्र ही बोली चांगली अवगत होती. मी जेवायच्या वेळी त्यांच्याकडे टपकलो की त्या चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणत, "बसा मास्तर, भाकरी छापत आहे."

माझी मुखपृष्ठे मी लिनोलियमवर कोरीत असे. लढाईत पुण्याहून छपाईचे ब्लॉक करून आणणे मुश्कील झाले होते. लिनोवर चित्र उलटे कोरावे लागते, म्हणजे छापल्यावर ते सुलटे येते. ही गोष्ट मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण एकदा परीक्षेच्या पेपरांच्या गडबडीत मी स्वतःच विसरलो आणि चित्र सुलटे कोरून मोकळा झालो. पाचशे मुखपृष्ठे छापून झाली, तेव्हा ध्यानात आले की उकिडव्यांच्या गुप्तहेराने पिस्तूल डाव्या हातात धरले आहे. कागद तेव्हा डोळ्यांत घालायला मिळत नव्हता. मी तोंड पाडून त्यांच्याकडे गेलो. आयुष्यात कोणाची माफी मागायची मला सवय नव्हती, ती रस्त्याने जाताना मनाशी घोकीत गेलो.

उकिडव्यांनी मुखपृष्ठ लांब धरून पाहिले. "डावखुरा आहे होय हा," ते म्हणाले. "आधी सांगायचंत की."

त्या रात्रीतून कादंबरी बदलली. खुन्याने दोराला मारलेली गाठ डाव्या हाताची आहे, हे गुप्तहेराच्या चटकन लक्षात आले, कारण तो स्वतः डावखुरा. वाचकांची पत्रे आली, की अशी हुशारी आजवर वाचली नव्हती. पुढच्या सगळ्या पुस्तकांत तो गुप्तहेर डावखुराच राहिला, आणि दर वेळी कोरताना मला आठवणीने पिस्तूल त्याच हातात द्यावे लागले. उकिडवे कोणाचीही चूक अशी सहज पोटात घालीत. स्वतःचीही तितक्याच सहज घालीत, हे मला तेव्हा तितकेसे खटकले नव्हते.

बेचाळीसच्या धामधुमीत त्यांच्या कार्डाने त्यांना चौकी दाखवली. तारा तुटत होत्या, रेल्वेचे रूळ उखडले जात होते, पोलीस साध्या कागदाकडेही संशयाने बघत होते. अशा वेळी उकिडव्यांचे वर्तमान निघाले: 'पुढील महिन्यात सांगलीत प्रचंड स्फोट. सर्वांनी तयार राहावे.' स्फोट हे त्यांच्या नव्या कादंबरीचे नाव होते. दुसऱ्या दिवशी शिपाई दारात. फौजदारांनी विचारले, "कादंबरी आहे म्हणता, तर दाखवा." आता दाखवणार काय? नावापलीकडे एक अक्षर लिहिलेले नव्हते. खरे सांगितले तर कोणी विश्वास ठेवीना. शेवटी उकिडवे म्हणाले, "कागद द्या, इथंच लिहून दाखवतो."

मी निरोप मिळून धावत गेलो तेव्हा ते चौकीतल्या बाकावर मांडी घालून लिहीत होते. फौजदार एकेक पान उचलून मोठ्याने वाचत होते आणि चार हवालदार भोवती उभे राहून ऐकत होते. तिसऱ्या प्रकरणाअखेर एक पेटी उघडली जाते, तिथे उकिडव्यांचा हात थांबला. फौजदारांनी त्यांना घरी जाऊ दिले. सकाळी पुन्हा शिपाई आला. काकू घाबरून दाराशी आल्या. शिपाई म्हणाला, "सायबांनी इचारलंय, त्या पेटीत काय हुतं?"

"साहेबांना सांगा, दोन दिवस द्या," उकिडवे म्हणाले. "मलाही अजून कळलेलं नाही."

असा हा माणूस फक्त थापाड्या होता, असे कोणाला वाटेल. मलाही वाटू लागले होते. तेवढ्यात त्यांच्याबरोबर साताऱ्याला जायचा योग आला. तिथले एक मामलेदार निवृत्त होत होते आणि त्यांच्या मानपत्राचे काम उकिडव्यांकडे आले होते. मानपत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. नाव बदलले की तेच मानपत्र दुसऱ्याला चालते. उकिडवे मात्र आदल्या दिवशी कचेरीत जाऊन दिवसभर एका कोपऱ्यात बसून राहिले. कारकुनांशी बोलले नाहीत, म्हाताऱ्या पट्टेवाल्याशी बोलले.

दुसऱ्या दिवशी समारंभात मानपत्र वाचले गेले. न्यायप्रिय, कर्तव्यदक्ष, प्रजाहितैषी, सगळे काही होते. मामलेदार कंटाळून छताकडे बघत होते. मग एक वाक्य आले: 'आपल्या वृद्ध पट्टेवाल्याचा हात कापतो म्हणून रोज सकाळी स्वतः सगळ्या दौती भरून ठेवणारा अधिकारी आम्ही दुसरा पाहिला नाही.' मामलेदारांनी खिशातला रुमाल काढला. त्यानंतर कार्यक्रम कसा चालला हे त्यांना समजले नसावे.

परतताना मोटारीत उकिडवे मला म्हणाले, "मानपत्रात एक वाक्य तरी खरं असावं लागतं, मास्तर. नाहीतर माणूस ते घरी नेऊन भिंतीला लावत नाही." मी त्या दिवशी त्यांना मनोमन हात जोडले.

आता वाघजाळीची गोष्ट सांगतो.

एका सकाळी चहा पिता पिता उकिडव्यांना नाव सुचले, 'वाघजाळीचे वाघ'. वाघजाळी हे गाव त्यांनी माझ्यादेखत, बशीतला चहा संपायच्या आत रचले. मी वाघ कोरला. कार्ड निघाले: 'वाघजाळीचे वाघ छापत आहे. एका शूर गावाची शौर्याची, साहसाची व हास्याची कथा.' मग उकिडवे दुसऱ्या कामाला लागले आणि मी वाघ विसरून गेलो.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे बसलो असताना एक वयस्क गृहस्थ आले. पांढरा पटका, पिळदार मिशा, कोटावर पहिल्या लढाईतले बिल्ले. त्यांनी खिशातून घडी घातलेले कार्ड काढले.

"उकिडवेसाहेब तुमीच का? मी सुभेदार गणपतराव. आमी वाघजाळीचं."

उकिडव्यांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले.

"कुठं आली ही वाघजाळी?" मीच शेवटी विचारले.

"इट्याच्या फुडं. इट्यापतूर मोटार हाय, तितनं गाडीवाट." सुभेदार उकिडव्यांकडे वळले. "आवं, आमच्या गावाला कुत्रं इचारत न्हाई. मामलेदार सुदीक कवा फिरकत न्हाई. आन तुमी तर पुस्तक छापाय लागलाय. आमच्या मास्तरांकडं ह्ये कार्ड येतंय, त्येनी चावडीवर वाचून दावलं. लय बरं वाटलं बगा गावाला."

सुभेदार पुढे सांगू लागले.

"गावची एकोनीस पोरं फलटनीत हायती. कुनी बरम्यात, कुनी आफ्रिकंत. आमी पत्र धाडतो. पर पत्रात लिवायचं काय? पाऊस न्हाई, समदी खुशाल हायती, झालं. पोरं म्हनत्यात, गावाचं कायतरी लिवा की. म्हनून म्हनलं, ह्ये पुस्तक निगालं की एकेकाला एकेक धाडून द्यावं. पोरास्नी तिकडं गाव वाचाय मिळंल. कवा हुतंय पुस्तक?"

"लवकरच," उकिडवे म्हणाले.

सुभेदार गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडलो. म्हटले, पाठीमागे धावत जा आणि खरे काय ते सांगा. उकिडवे खिडकीत उभे होते. "मला वाटलं होतं मी गाव रचलं," एवढेच ते म्हणाले. काकू आतून बाहेर आल्या. त्यांनी विचारले, "तुम्ही त्यांना हो म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग आता जाऊन या."

त्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. अशी मोटार ढकलत आम्ही विट्याला आणि तिथून बैलगाडीने वाघजाळीला पोचलो. गावाला वाघ नव्हता आणि जाळीही नव्हती. एक बोडका डोंगर, पाचपन्नास घरे, चार मेंढरांचे वाडे आणि मारुतीचे देऊळ. देवळात अख्खे गाव जमले होते. ज्याने त्याने आपापल्या पोराचे काहीतरी सांगायला सुरुवात केली. कोणाचा पोर कुस्तीत हरल्यावर लंगोट तिथेच टाकून पळाला होता. कोणी लग्नातून पळून भरतीला गेला होता आणि नवरी अजून रागावून माहेरी बसली होती. गोजराबाई नावाच्या एका विधवा बाईने आपल्या म्हादूने सुभेदारांच्याच रानात केलेली चोरी सांगितली, तर सुभेदारच सगळ्यांत जास्त हसले. उकिडवे जुन्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर भराभर टिपत होते. त्यांना इतके गप्प बसून ऐकताना मी प्रथमच पाहिले.

परत येताना त्यांच्या अंगात वारे शिरले होते. असे पुस्तक मराठीत झाले नाही, असे ते मोटार ढकलताना सुद्धा सांगत होते. आणि मग घरी आल्यावर लग्नसराई लागली. पुढे पावसाळ्यात दिवाळीच्या गुप्तहेर कादंबरीची घाई सुरू झाली. सरकारी नियंत्रणामुळे वर्षाकाठी एका पुस्तकापुरताच कागद मिळे, तो दर वर्षी गुप्तहेराला जाई. वर्ष गेले, दुसरेही सरत आले. कार्ड मात्र दर महिन्याला निघत होते आणि त्यात एक ओळ ठरलेली होती, 'वाघजाळीचे वाघ छापत आहे'. सुभेदार ती ओळ खरी मानून पोरांना कळवीत होते. पोरांची पत्रे परत येत होती, की अजून किती छापायचे राहिले.

मग एक दिवस सुभेदारांचे पत्र आले. गावच्या मास्तरांनी लिहून दिलेले, चार ओळींचे. 'आमच्या गावचा म्हादू इटलीत कामी आला. त्याच्या शेवटच्या पत्रात पुस्तक निघाले का, असे विचारले होते. आपणांस कळावे म्हणून लिहिले. बाकी सर्व खुशाल.'

मी तेव्हा तिथेच होतो. उकिडव्यांनी ते पत्र दोनदा वाचले आणि माझ्या हातात दिले. त्यात दोषाचा एक शब्द नव्हता, आणि त्यामुळेच ते वाचवत नव्हते.

"मास्तर," ते म्हणाले, "मी त्या पोराशी खोटं बोललो."

एरवी मी त्यांना हेच ऐकवायला टपलेला असे. त्या दिवशी मी पत्राची घडी घालून त्यांच्यापुढे ठेवली. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्या त्यांच्याजवळ बसून राहिल्या.

त्या महिन्याचे वर्तमान माझ्याकडे अजून आहे. त्यावर पडसे नाही, तंबोरा नाही. 'वाघजाळीचे वाघ छापत नाही. ते अजून लिहिलेलेच नाही. दोष माझा आहे. आता लिहायला बसलो आहे. — उकिडवे.' एवढेच.

आणि ते खरोखर बसले. ऐन लग्नसराईत त्यांनी मंगलाष्टके परत पाठवली. कागद मिळाला तो गुप्तहेराला न देता वाघजाळीला दिला. दोन वर्षे इकडून तिकडे फिरलेली टिपणे अर्धीअधिक गहाळ झाली होती, तेव्हा बरेचसे आठवणीवर लिहिणे आले. भडंगाची पुडी तेवढी शेजारी असे. दोन महिन्यांत पुस्तक झाले. त्यांचे मी छापण्यापूर्वी वाचलेले हे पहिलेच हस्तलिखित. मला वाटले होते, रडके असेल. मी हसून हसून बेजार झालो. एकोणीसच्या एकोणीस पोरे त्यात दंगा करीत होती, म्हादूही. मी सुभेदारांना निरोप धाडला, की चित्रातला वाघ चुकीचा आहे, नवे काढून देतो. त्यांचा उलट निरोप आला, "वाघ ऱ्हाऊ द्या. गावात न्हाई तर पुस्तकावर तरी असू दे."

लढाई अजून चालूच होती. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही छापलेल्या सगळ्या तीनशे प्रती, आधी मारुतीपुढे ठेवायच्या म्हणून, बैलगाडीत घालून वाघजाळीला गेलो. अठरा प्रतींसाठी सुभेदारांनी मेणकापड शिवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी विट्याच्या टपालातून त्या पोरांकडे जायच्या होत्या. देवळात नारळ फुटला, गूळ-खोबरे वाटले गेले आणि मग सगळे गाव उकिडव्यांभोवती गोळा झाले. वाचता येणारी माणसे चार-पाच. बाकीचे एकच विचारत होते, "आमचं पान कंचं?" उकिडवे कोण कोणाचा बाप, कोण कोणाची आई ते बरोबर ओळखून पान उघडून देत होते, ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवत होते.

गोजराबाई सगळ्यांत शेवटी आली. उकिडवे उठून उभे राहिले. तिने पुस्तक त्यांच्यापुढे धरले.

"म्हादूचं वाचा," ती म्हणाली.

उकिडव्यांनी वाचले. "म्हादूने सुभेदारांच्या रानातला ऊस चोरला आणि पकडला जाताच त्यातले एक कांडे सुभेदारांनाच देऊ केले."

बाईच्या कपाळाला आठी पडली. "ऊस? आवं, आमच्याकडं कुटला आलाय ऊस? हितं प्यायला पानी न्हाई. शेंगा हुत्या त्या."

लोक हसले. उकिडव्यांचा चेहरा उतरला. कृष्णाकाठच्या माणसाला चोरी म्हटली की उसाची, दुसरी सुचतच नाही. मी हस्तलिखित वाचले होते, मलाही काही खटकले नव्हते. सुभेदार म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की गोजराबाय. पुस्तकात चालतंय."

"तुमास्नी चालतंय," ती म्हणाली. "पोरं तिकडं वाचत्याल न्हवं? म्हनत्याल, म्हादूच्या आईला पोराचं येवडंबी ध्यानात न्हाई."

उकिडव्यांनी सुभेदारांना विचारले, "शाई आहे का गावात?" शाळेतून दौत आणि टाक आला. मला वाटले, अठरा प्रती दुरुस्त करतील आणि उठतील. ते म्हणाले, "सगळ्या आणा. तीनशे."

देवळाच्या ओट्यावर ते मांडी घालून बसले. ऊस खोडायचा, वर शेंगा लिहायचे. कांडे खोडायचे, वर मूठ लिहायचे. शाई सुकेपर्यंत पान उघडे धरायचे. गोजराबाई शेजारी बसली आणि एकेक पुस्तक त्यांच्या हातात देऊ लागली. पहिले पुस्तक झाले तेव्हा ती म्हणाली, "वाचा बगू." त्यांनी वाचले. तिने मान हलवली, पुस्तक बाजूला ठेवले आणि दुसरे दिले. ते झाले, तेव्हाही म्हणाली, "वाचा." तिसऱ्याला तसेच. दहाव्यालाही तसेच.

दुपार कलायला लागली होती. मला दुसऱ्या दिवशी शाळा होती आणि विट्याहून शेवटची मोटार गाठायची होती. मी आपला शहाणपणाने म्हणालो, "मावशी, ते बरोबर लिहीत आहेत. दर वेळी वाचायला लावलंत तर संध्याकाळ होईल." तिने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. उकिडव्यांनी टाक दौतीत बुडवला. "तुम्ही निघा, मास्तर," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."

ती आमची शेवटची भेट. त्याच आठवड्यात माझी तडकाफडकी साताऱ्याला बदली झाली. कार्डे येत राहिली, पण जाऊ जाऊ म्हणता सांगलीला जाणे झाले नाही, आणि मग एका महिन्यात कार्ड आले नाही. काकूंचे पत्र आले.

त्या दुपारी गाडीवानाने बैल जुंपले आणि आम्ही दोघे निघालो. मी मागे तोंड करून बसलो होतो. ओट्यावर ती दोघे, मध्ये दौत, एका बाजूला पुस्तकांची मोठी रास, दुसऱ्या बाजूला लहान. उकाड्याने उकिडव्यांनी टोपी काढून ठेवली होती. गाडी ओढ्याच्या उताराला लागली आणि देऊळ दिसेनासे झाले, पण आवाज येत होता. "म्हादूने सुभेदारांच्या रानातल्या शेंगा चोरल्या आणि पकडला जाताच त्यातली एक मूठ सुभेदारांनाच देऊ केली." मग जरा वेळ काही नाही. मग पुन्हा, तितक्याच सावकाश, एक शब्दही न गाळता, "म्हादूने सुभेदारांच्या रानातल्या शेंगा चोरल्या..."